मोठ्या क्रूझ जहाजावरचं राहणं: बेळगावातून निघाल्यापासून परत उतरेपर्यंत एकेक पायरी

आम्ही आतापर्यंत दोनदा क्रूझ केली, पहिली मुंबईहून लक्षद्वीप आणि दुसरी सिंगापूरहून चार रात्रींची. पहिल्या वेळी आमच्या भिशीतली पाच घरं मिळून सतरा माणसं होतो, सगळ्यात मोठ्या माझ्या सासूबाई, वय ७४, आणि सगळ्यात धाकटी जावेची पोरगी, चार वर्षांची. तेव्हापासून खानापूर, निपाणी, चिकोडी कुठून कुठून फोन येतात, आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली त्यांना पाठवायचंय जमेल काय, शाकाहारी मिळतं काय, जहाज हलतं काय, बाथरूम कसं असतं. म्हणून म्हटलं सगळं एकदाच सविस्तर लिहून काढूया.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. क्रूझ म्हणजे आपली नेहमीची बसची टूर नाही की पहाटे पाचला उठवलं, सात ठिकाणं दाखवली आणि रात्री अकराला लॉजवर सोडलं. इथे लॉजच तुम्हाला घेऊन फिरतं. त्यामुळे नियोजन फक्त दोन वेळांचं काटेकोर करायचं, चढल्यानंतरचे पहिले सहा तास आणि उतरण्याआधीचे शेवटचे बारा तास, मधला सगळा वेळ मोकळा ठेवायचा. ज्यांनी उलटं केलं, म्हणजे मधे प्रत्येक तासाला काहीतरी ठरवून ठेवलं आणि चढण्या-उतरण्याकडे लक्ष दिलं नाही, ती माणसं दमून आणि वैतागून परत आलेली मी बघितलीत.

पायरी १: जहाज कुठलं

आपल्याकडून जायला सोपे असे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे भारतातलंच, कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज, २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप वगैरे फेऱ्या करतंय. जहाज १९९० साली बांधलेलं, २११ मीटर लांब, साधारण १८०० प्रवासी. पासपोर्ट लागत नाही, जेवण आपलं, गाणी आपली, आजूबाजूला मराठी-गुजराती मंडळी, म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अजिबात परकं वाटत नाही. पावसाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो म्हणून मुंबईच्या फेऱ्या बंद होतात, त्यामुळे तारीख ऑक्टोबर ते मे मधलीच धरा, माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

दुसरा प्रकार सिंगापूरहून निघणारी मोठी जहाजं. जेंटिंग ड्रीमच घ्या, ३३५ मीटर लांब, म्हणजे आपल्या रेल्वेचे चौदा डबे एकामागे एक लावले की जेवढं होईल तेवढं, आणि उंचीला १८ डेक, म्हणजे मजले. बंदरावर खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. आणि हे सुद्धा सगळ्यात मोठं नाही बरं का, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेलं आयकॉन ऑफ द सीज ३६५ मीटरचं आहे आणि पूर्ण भरलं तर साडेसात हजारांवर प्रवासी घेतं, पण ते अमेरिकेच्या बाजूला फिरतं. जाहिरातीत जो टनांचा आकडा लिहितात, दीड लाख ग्रॉस टन वगैरे, ते जहाजाचं वजन नाही, आतली जागा किती आहे त्याचं माप आहे. आकडा मोठा म्हणजे जागा जास्त, खेळ जास्त, आणि चालणंही तेवढंच जास्त. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर हे लक्षात घ्या.

पायरी २: कागदपत्रं

ह्यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे आणि ती बाहेरच्या ट्रॅव्हल एजंटला कळत नाही. आपल्याकडे कितीतरी लोकांचं नाव शाळेच्या दाखल्यावर कन्नड पद्धतीनं इनिशियल लावून आहे, आधारवर आडनावासकट आहे, मतदार कार्डावर तिसरंच स्पेलिंग आहे, आणि लग्नानंतर बदललेलं नाव अजून निम्म्या कागदांवर जुनंच आहे. क्रूझचं बुकिंग ज्या नावानं असेल तेच नाव, त्याच स्पेलिंगचं, तुमच्या हातातल्या ओळखपत्रावर पाहिजे. परदेशी जायचं असेल तर पासपोर्ट काढतानाच आडनावाचा रकाना भरून घ्या, कारण पासपोर्टवर नुसतं एकच नाव असेल तर काही देश अडवतात, दुबईच्या बाजूला तर नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकशब्दी नावाच्या टुरिस्ट व्हिसावाल्यांसाठी नियम कडक झालाय. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर अजून सहा महिने चालू असला पाहिजे. आमच्या भिशीतल्या एका ताईंचं नाव दुरुस्त होऊन यायलाच इतके दिवस गेले की त्या पहिल्या वेळी येऊच शकल्या नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून आधी कागद, मग पैसे भरा.

सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो आणि तो मल्टिपल एन्ट्री आहे ना ते बघून घ्या, कारण विमानानं एकदा सिंगापुरात शिरता, जहाजानं बाहेर जाता आणि परत जहाजानंच आत येता, म्हणजे दोन एन्ट्री झाल्या. मधे ज्या ज्या देशात जहाज थांबणार त्यांचे नियम बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या, तुम्ही खाली उतरणार नसला तरी कागद मागू शकतात. लक्षद्वीपला जायला बाहेरच्या माणसाला परवाना लागतो, त्यासाठीची माहिती बुकिंगवाले आधीच मागून घेतात, ती वेळेत द्या.

घरात कोणी गरोदर असेल तर चोविसावा आठवडा लागला असेल किंवा प्रवासात लागणार असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळही घेत नाहीत. प्रवास विमा काढाच, जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल परदेशी दरानं येतं.

पायरी ३: खोली

चार प्रकार असतात: आतली बिनखिडकीची, काचेची बंद खिडकी असलेली, बाल्कनीची, आणि मोठा स्वीट. साधी खोली दीडशे ते दोनशे चौरस फुटांची, म्हणजे आपल्या घरातली एक मध्यम खोली, त्यातच पलंग, सोफा, कपाट, बाथरूम. तिसरा आणि चौथा माणूस असेल तर वरचा बंक खाली ओढून पलंग करतात, म्हाताऱ्यांना तिथे झोपवू नका.

आतली खोली स्वस्त पडते आणि झोप फार चांगली लागते, पण अंधार एवढा मिट्ट की सकाळ झाली काय मध्यरात्र आहे कळत नाही. बऱ्याच जहाजांच्या टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असतं, ते आवाज बंद करून चालू ठेवलं की उजाडलेलं दिसतं. आमच्या मोठ्या चिरंजीवांनी हे शोधून काढलं. पण एकदाच जाणार असाल आणि बरोबर आईवडील असतील तर बाल्कनीला थोडे जास्त पैसे घाला, असं मी मनापासून सांगते. सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं, लहानपणी मुंबईला बोटीनं गेलेल्या, त्यानंतर साठ वर्षं बेळगावात समुद्रापासून लांब. दुसऱ्या वेळी त्या पहाटे चारला उठून शाल गुंडाळून बाल्कनीत बसायच्या ते चहाला हाक मारेपर्यंत. त्यांना दुसरं काही बघायचंच नव्हतं.

जागा कुठली घ्यायची तर जहाजाच्या मध्यभागी आणि जमेल तेवढी खाली. टोकाला आणि वरच्या डेकवर हलणं जास्त जाणवतं. आणखी एक, खोलीच्या वर काय आहे ते डेकच्या नकाशात बघा, वर पण खोल्या आणि खाली पण खोल्या असतील तर शांत, वर बुफेचा हॉल किंवा नाचायची जागा असेल तर खुर्च्या ओढल्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत येतो.

पायरी ४: बॅगा भरताना

दोन बॅगा वेगळ्या भरा. मोठी बॅग बंदरावर टॅग लावून ताब्यात घेतात आणि ती खोलीच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येते, कधी रात्री आठही वाजतात. पहिल्या वेळी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत टाकल्या आणि साडेसातपर्यंत जीव टांगणीला लागला होता. म्हणून खांद्यावरच्या बॅगेत औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, कागदपत्रं, चार्जर, एक जोडी कपडे, पोरांचे पोहण्याचे कपडे, चष्मा.

काय न्यावं: लोकरीची शाल, कारण आत एसी कडक असतो. रबरी तळव्याची चप्पल. लोहचुंबकाचे हूक, खोलीच्या भिंती लोखंडी असतात त्यामुळे ते चिकटतात आणि टोप्या, पिशव्या, पर्स लटकवायला सोय होते. एक छोटा प्लास्टिकचा मग किंवा दाबायची बाटली, परदेशी जहाजांवर बाथरूममध्ये पाण्याचा जेट नसतो, नुसता कागद असतो, आणि आपल्या माणसांची त्यामुळे फार अडचण होते पण कोणी उघड बोलत नाही. पूलसाठी नायलॉनचे पोहण्याचे कपडे, बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे लेगिंगवाले मिळतात, कॉटनचा ड्रेस किंवा साडी नेसून पाण्यात सोडत नाहीत. डेकवर साडी नेसायची हौस असेल तर जरूर नेसा, आमच्या शहापूरच्या साड्यांचे फोटो तिथे फार छान आले, पण वारा एवढा असतो की पदराला चार पिना जास्त लावा.

काय नेऊ नये: इस्त्री, पाणी तापवायची किटली, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर. आग हा जहाजावरचा सगळ्यात मोठा धोका असतो त्यामुळे ह्यात कोणाचं ऐकत नाहीत. रोजची पूजा करणाऱ्यांनी छोटा फोटो आणि जपमाळ न्यावी, दिवा मनातला.

सिंगापूरला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. तिथे खसखस बंदी असलेल्या पदार्थांत येते. आपल्या करंजीत, अनारशावर, घरच्या मसाल्यात खसखस असतेच, त्यामुळे ते सगळं घरीच ठेवा. तंबाखू, गुटखा, खैनी, मावा, तोंडात धरायचं काहीही तिथे चालत नाही, ई-सिगारेटही नाही, च्युइंगम नाही. निपाणी-चिकोडीकडच्या ज्या काकांना तंबाखूची सवय आहे त्यांना हे आधी शांतपणे समजावून सांगा, विमानतळावर सापडलं तर दंड होतो आणि सगळ्यांचा प्रवास अडकतो. कुंदा न्यायचा असेल तर दुकानातला सीलबंद डबा, घरचं उघडं खाणं बऱ्याच जहाजांवर आत घेत नाहीत.

पायरी ५: बंदरापर्यंत

एक दिवस आधी पोचा. एवढंच. जहाज कोणासाठी थांबत नाही आणि चेक-इन सुटायच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. मुंबईला बॅलार्ड पिअरला जायचं असतं, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान किंवा रात्रीची रेल्वे, बस, काहीही करा पण ज्या दिवशी जहाज त्याच सकाळी पोचणारी गाडी धरू नका, घाटात एक ट्रक आडवा झाला की संपलं. काही फेऱ्यांना गोव्यातूनही चढता येतं, मुरगाव बंदर आपल्याला चोर्ला घाटातून तीन-चार तासांवर, तेव्हा बुकिंग करताना तेही विचारा. सिंगापूरसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर आणि तिथून विमान हा आमचा मार्ग, तिथे मरीना बे क्रूझ सेंटर हे बंदर आणि जवळचं मेट्रो स्टेशन मरीना साउथ पिअर.

पायरी ६: चढल्यानंतरचे पहिले सहा तास

चढलं की हातात एक कार्ड देतात. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. गळ्यात अडकवायची दोरी घेऊन ठेवा आणि म्हाताऱ्यांच्या गळ्यातच घाला. खोली तयार व्हायला दुपारचे दोन-तीन वाजतात, तोपर्यंत सगळे बुफेकडे धावतात आणि तिथे जत्रेसारखी गर्दी होते. त्याऐवजी खालच्या डेकवरचं बैठकीचं जेवणघर उघडं आहे का विचारा, बऱ्याचदा ते निवांत असतं.

मग ड्रिल, म्हणजे संकट आलं तर कुठे जमायचं आणि काय करायचं त्याचा सराव. हे कोणीही टाळू नये म्हणून थोडं सांगते. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं जहाज खडकाला लागून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्या दिवशीच चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमात चढल्यापासून चोवीस तासांत करा असं होतं. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या ड्रिल झालंच पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे संकट. तुमच्या कार्डावर एक अक्षर किंवा आकडा असतो, ती तुमची जमायची जागा. तिथे आपल्या पायांनी, जिन्यानं एकदा चालत जा, पोरांना घेऊन जा, सासूबाईंना किती पायऱ्या पडतात ते बघा. लिफ्ट त्या वेळी वापरायची नसते. चालायला त्रास असणारं कोणी असेल तर ते तिथल्या कर्मचाऱ्याला तेव्हाच सांगून ठेवा, ते नोंद करून घेतात.

खोलीत शिरल्यावर पहिलं बाथरूमचा उंबरठा बघा. चांगला वर आलेला असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, आणि रात्री झोपेत माणूस तिथे अडखळतं. आम्ही उंबरठ्यावर पांढरा रुमाल टाकून ठेवायचो. संडास विमानासारखा हवेनं ओढून घेणारा, आवाज मोठा येतो, त्यात कागदाशिवाय काही टाकू नका, एकाचं तुंबलं की पूर्ण ओळीचं बंद पडू शकतं. बाल्कनीचं दार उघडं टाकलं की एसी बंद होतो. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, त्यासाठी न्हाणीत भिंतीतून ओढायची दोरी असते. आणि पोरांना कठड्याजवळ खुर्ची ठेवू देऊ नका, हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच.

ह्याच सहा तासांत अजून दोन कामं उरका, रात्रीच्या जेवणाची वेळ नक्की करून घ्या आणि नाटकगृहातल्या मोठ्या कार्यक्रमांच्या जागा धरा, नंतर मिळत नाहीत. मग मात्र सगळं सोडून वरच्या डेकवर जा. जहाज बंदरातून निघतं ते बघण्यासारखं असतं. बंदराची खडानखडा माहिती असलेला पायलट जहाजावर असतो, तो कॅप्टनला वाट सांगत बाहेर काढतो, आणि उघड्या समुद्रावर आल्यावर एक छोटी बोट चालत्या जहाजाला येऊन चिकटते आणि तो दोरीच्या शिडीवरून तिच्यात उतरतो. आमची सतराही माणसं श्वास रोखून ते बघत होती.

पायरी ७: खाणं

बुफे आणि बैठकीचं जेवणघर हे दोन्ही तिकिटातच असतात. खास रेस्टॉरंट, दारू, बाटलीतलं कोल्ड्रिंक ह्याचे पैसे वेगळे. भारतातल्या जहाजावर शाकाहारी आणि जैन दोन्ही सहज मिळतं, सिंगापूरच्या जहाजांवरही भारतीय विभाग असतो पण बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून नोंदवा आणि पहिल्या रात्री जेवण वाढणाऱ्याला पुन्हा सांगा. अंडं, मासे चालत नाहीत हे वेगळं सांगायला लागतं, कारण पूर्वेकडच्या स्वयंपाकात माशाचा सॉस कशातही असू शकतो. सासूबाईंची एकादशी आली होती, आदल्या रात्री सांगून ठेवलं तर सकाळी फळं, दही आणि नुसते उकडलेले बटाटे मीठ न घालता वेगळे आणून दिले. सांगायला लाजू नका, जहाजावर काम करणाऱ्यांत आपल्या देशातली पोरं भरपूर असतात, गोव्याची तर कितीतरी, कोकणीत दोन शब्द बोललात की त्यांचा चेहरा उजळतो. आठ-नऊ महिने घर सोडून राहिलेली असतात ती.

जेवायच्या आधी साबण लावून हात धुवा, नुसतं सॅनिटायझर चोळून नाही. जहाजावर उलट्या-जुलाबाचा नोरो व्हायरस पसरू शकतो आणि त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, वीस सेकंद साबण-पाणी हेच खरं. कोणाला जुलाब झालेच तर लपवू नका, जहाजाच्या डॉक्टरला सांगा.

पायरी ८: जहाज हलतं का

हलतं. पण ज्याची भीती वाटते तसं नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे पंख असतात, ते डावं-उजवं डोलणं बरंच कमी करतात. जहाजाचा वेग साधारण वीस नॉट, म्हणजे तासाला ३७ किलोमीटर, आपल्या चोर्ला घाटात गाडी चालते तेवढा, आणि खरं सांगायचं तर चोर्ल्याच्या वळणांत आमच्या जावेला जेवढं मळमळतं त्याच्या निम्मंही जहाजावर झालं नाही. तरी ज्यांना गाडी लागते त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारून गोळ्या बरोबर घ्याव्यात, आणि त्या मळमळायला लागल्यावर नाही, तासभर आधी घ्यायच्या असतात. त्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नयेत. बाकी घरगुती म्हणजे आलेपाक चघळा, पोट रिकामं ठेवू नका, मोबाईल बघू नका, डेकच्या मध्यावर उभं राहून लांब क्षितिजाकडे बघा.

पायरी ९: समुद्राचा दिवस

ज्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही तो दिवस लोकांना फुकट गेल्यासारखा वाटतो, मला तोच सगळ्यात आवडला. रात्री खोलीत किंवा ॲपवर दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक येतं, त्यात सकाळी योगापासून रात्री बाराच्या नाचापर्यंत पन्नासेक गोष्टी असतात. प्रत्येक घरानं त्यातल्या दोनच निवडायच्या असं आम्ही ठरवलं होतं. सकाळी सातला वरच्या डेकवर फेऱ्या मारायच्या, किती फेऱ्यांचा किलोमीटर होतो ते बहुतेक पाटीवर लिहिलेलं असतं. पूल लहान असतात आणि अकरानंतर भरून वाहतात, पोरांना नऊलाच न्या. तीन वर्षांवरच्या आणि लंगोट सुटलेल्या पोरांना खेळघरात ठेवता येतं, तेवढ्या दोन तासांत आम्ही बायका डेकवर खुर्च्या टाकून नुसत्या गप्पा मारत बसलो, कोणाला स्वयंपाकाची आठवण काढायची नव्हती, दारावरची बेल नव्हती. आमच्यातल्या एका काकूंनी सांगितलं की लग्नाला एकतीस वर्षं झाली पण सलग चार दिवस हातात लाटणं धरलं नाही असं हे पहिल्यांदाच.

पुढचं-मागचं कळत नसेल तर जिन्याजवळचा नकाशा बघा, काही जहाजांवर गालिच्यावरचे मासे जहाजाच्या पुढच्या दिशेला तोंड करून असतात. पुढे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. आणि जमायची एक जागा ठरवून ठेवा, कारण फोन लागत नाही.

पायरी १०: फोन आणि पैसे

बंदर सुटलं की फोन लगेच फ्लाइट मोडवर. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला जोडला गेला तर रोमिंगचं बिल हजारांत येतं. वाय-फाय विकत मिळतं, सतरा माणसांत दोघांनी घेतलं तरी घरी खुशाली कळवायला पुरतं.

आत रोख पैसे चालत नाहीत, सगळं कार्डावर चढत जातं. रोज संध्याकाळी टीव्हीवर किंवा काउंटरवर आपला हिशोब बघा, पोरांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या. मोठ्या परदेशी जहाजांवर टीप आपोआप लागते, माणशी रोज साधारण १५ ते २० अमेरिकन डॉलर, पोरांचीही, ती तिकिटात धरली आहे का आधी विचारा. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आपल्याकडे मुळात बंद असतो, निघण्याआधी ॲपमधून चालू करा.

पायरी ११: बंदरावर उतरताना

उतरताना कार्ड, ओळखपत्राची प्रत, पाण्याची बाटली. परत चढायची वेळ गेटवर पाटीवर लिहिलेली असते, तिचा फोटो काढा आणि तासभर आधी परत या. जहाजाच्या सहलीतून गेलात आणि बस अडकली तर जहाज थांबतं, स्वतःच्या रिक्षानं गेलात तर नाही.

घड्याळाचं मात्र फार जपा. जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ वेगळी असू शकते. थायलंडमध्ये फुकेतला उतरलं की फोन आपोआप एक तास मागे जातो, जहाज मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चालू शकतं, म्हणजे फोनमध्ये तीन वाजलेत तेव्हा जहाजावर चार वाजलेले असतात. आमच्यातलं एक जोडपं ह्याच गोंधळात शेवटच्या बोटीनं धापा टाकत पोचलं. हातात साधं घड्याळ घाला आणि त्याला हात लावू नका. फुकेतला मोठी जहाजं धक्क्याला न लागता पातोंगच्या खाडीत थांबतात आणि छोट्या बोटीनं किनाऱ्यावर नेतात, लक्षद्वीपलाही तसंच. त्या बोटीत पाय टाकताना बोट वरखाली होत असते, दोन्ही बाजूंनी माणसं हात धरतात, म्हाताऱ्यांनी हात मोकळे ठेवावेत. सासूबाई लक्षद्वीपला उतरल्या पण फुकेतला लाटा जास्त होत्या म्हणून आम्हीच थांबवलं, त्या बाल्कनीत खूश होत्या. पेनांगला उलट, धक्का शहरालाच लागून आहे, जुन्या जॉर्ज टाऊनमध्ये चालत जाता येतं आणि तिथे १८३३ सालचं मरिअम्मनचं देऊळ आहे, त्या ओळखीच्या गोपुरासमोर सगळ्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

पायरी १२: शेवटची रात्र

शेवटच्या संध्याकाळी खोलीत रंगीत टॅग येतात. मोठ्या बॅगांना ते लावून रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी त्या थेट बंदरावर मिळतात. आता आठवणीनं सकाळी घालायचे कपडे, चप्पल, औषधं, पासपोर्ट बाहेर काढून ठेवा आणि मगच चेन लावा. आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका माणसाचे सगळे कपडे बॅगेतून गेले होते आणि सकाळी त्यांना रात्रीच्या पोशाखातच उतरावं लागलं. चालायला नीट येत असेल आणि बॅगा हलक्या असतील तर स्वतः बॅगा घेऊन सगळ्यात आधी उतरायची सोयही असते, पण म्हाताऱ्यांबरोबर ती घेऊ नका.

बिल रात्रीच तपासा, सकाळी काउंटरला लांब रांग लागते. पासपोर्ट जहाजानं ठेवून घेतला असेल तर तो परत घेतला का बघा. तिजोरी उघडून बघा, बाथरूममागचा हूक बघा, लोहचुंबकाचे हूक काढून घ्या. खोली आठच्या सुमाराला रिकामी करायला सांगतात, मग टॅगच्या रंगानं हाक मारतात तोपर्यंत बसायचं, त्यामुळे नाश्ता साडेसहालाच उरका. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं धरू नका, मुंबईहून असाल तर रात्रीचीच गाडी बरी.

उतरल्यावर एक-दोन दिवस उभ्या उभ्या जमीन डुलल्यासारखी वाटते, घाबरू नका, आपोआप जातं. पण त्याच संध्याकाळी रेल्वे स्टेशनचा जिना चढायचा असेल तर आईबाबांना कठड्याच्या बाजूनं चालवा आणि बॅगा हमालाकडे द्या.